अकरावा खिळा

१

दर गुरुवारी सकाळी अकराला सुल्मा आपल्या बाबाला क्लबात घेऊन जायची. बाबाचं नाव अबायुबा. वय शहाऐंशीला टेकलेलं, आणि घरापासून लुसेरो क्लबापर्यंतच्या दोन गल्ल्या तुडवायला त्याला वीस मिनिटं लागायची. वाटेत दोनदा थांबायचं. दम लागला असं कबूल करील तर तो अबायुबा कसला. खाडीकडून वारा कसा येतोय ते बघतोय, म्हणायचा. सुल्माही "बघ हं नीट" म्हणून 'माते' नावाच्या कडू पानांच्या काढ्याचा थर्मास या काखेतून त्या काखेत घ्यायची आणि रिफायनरीच्या धुराड्याकडे बघत उभी राहायची.

क्लब म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं, काउंटरमागे सुल्माला अदबीनं 'दोन्या' म्हणणारा कँटीनवाला हेबेर, आणि समोरची ती भिंत. ला तेहा भागात येऊन ती भिंत न बघता कुणी गेलाच तर तो विजेचं मीटर वाचायला आलेला असणार. भिंतीवर दहा अर्कचित्रं होती. एकसष्ट साली लुसेरोचा फुटबॉल संघ पहिल्या विभागात चढला, तेव्हा संध्याकाळच्या एका पेपरात दर सोमवारी एक अशी ती छापून आली होती. काढणारा 'तेरो' एवढीच सही करायचा. कुणाची हनुवटी फावड्याएवढी, कुणाचं नाक कोपऱ्यापर्यंत आलेलं, गोली बेन्तोसचे तर हातच अख्ख्या चित्रभर पसरलेले. नाकं-कान काढता काढता जागा संपत असावी, कारण चेंडू म्हणून तेरोनं कुठंच काढला नव्हता. कागद पिवळे पडले होते, पण काचा हेबेर दर शनिवारी पुसायचा. चित्रं लावली होती संघ मैदानात उभा राहतो तशी: खाली गोली, त्याच्या वर दोन बॅक, मग तीन हाफ, आणि सगळ्यांत वर पाच फॉरवर्ड.

पाच म्हणजे चार. वरच्या ओळीत डाव्या टोकाला, लेफ्ट विंगच्या जागी, नुसता खिळा होता. आणि लेफ्ट विंग अबायुबा होता.

२

गोष्ट ला तेहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकसष्टचा शेवटचा सामना, रात्रभर पाऊस पडून मैदानाचा झालेला राडा, दोन-एक अशी जीत. दहा जण चिखलात लोळून बाहेर आले आणि अबायुबाचा शर्ट पांढराशुभ्र. नव्वद मिनिटं तो डाव्या कडेनं वर-खाली धावला, हात वर करून ओरडला, पण त्याला एकही पास मिळाला नाही. त्याच्या शेजारी दहा नंबरचा निएव्हास खेळत होता, त्याचा जिवलग दोस्त. त्यानं एकदाही डावीकडे मान वळवली नाही. का, ते निएव्हासनं कधी सांगितलं नाही आणि अबायुबानं कधी विचारलं नाही. पुढं दोघं मांसाच्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

तेरोनं दहा सोमवारी दहा जण काढले. अकरावा सोमवार काही आला नाही. ज्याच्या पायाला चेंडू लागला नाही त्याचं मी काय काढू, असं तो म्हणाला म्हणे. खरं असेल, नसेल. गल्लीला तेवढं पुरलं. त्रेसष्ट वर्षं अबायुबा क्लबाच्या दारातून आत आला की कुणीतरी विचारायचंच, "काय अबायुबा, शर्ट धुवायला टाकलास का?" तो हसायचा. नेमका त्या खिळ्याखालच्या टेबलाशी बसायचा आणि मध घातलेल्या ग्रापा दारूचा पेला मागवायचा. घरी आल्यावर मात्र दुपारभर तोंड मिटून असायचा, ते एकट्या सुल्माला ठाऊक.

अकरा जणांपैकी आता तोच उरला होता. निएव्हासलाही जाऊन सहा वर्षं झाली होती. मे महिन्यात न्यूमोनियानं अबायुबालाही जवळजवळ नेलंच होतं. सुल्मानं लग्न केलं नव्हतं, शाळेतली कारकुनी संपून चार वर्षं झाली होती, आणि सकाळी उठून चूल पेटवायची तर या एका माणसासाठी. बाबा गेला तर आपण करायचं काय, या प्रश्नाशी ती रोज येऊन थांबायची आणि मग भांडी घासायला घ्यायची.

३

जुलैत, ऐन थंडीत, बाबाचा वाढदिवस होता. त्याआधीच्या रविवारी सुल्मा लोकरीचे मोजे आणायला त्रिस्तान नार्व्हाहाच्या बाजारात गेली आणि हिंडता हिंडता जुन्या कागदांच्या गल्लीत शिरली. हल्ली ही नवीच टूम निघाली होती. जुन्या पेपरांतली खेळाडूंची अर्कचित्रं कापायची, चौकटीत घालायची आणि दिवाणखान्यात लावायची. पोसितोस या श्रीमंत वस्तीतल्या एका हॉटेलवाल्यानं तर हेबेरकडे दोनदा खेटे घातले होते, सगळी भिंतच उचलून नेतो म्हणून. "अकरा असते तर बात निराळी होती," असं जाता जाता सुनावूनही गेला होता. ते ऐकून सुल्माच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

एका दुकानात दोरीला चिमटे लावून चेहरेच चेहरे वाळत घातले होते. चेपलेल्या नाकाचे बॉक्सर, फुगलेल्या मांड्यांचे सायकलवाले. खाली खोक्यात चौकटीतले उभे करून ठेवलेले. ती सवयीनं चाळत गेली आणि सातव्या का आठव्या चौकटीशी हात थांबला. तेरोची सही. लुसेरोचा पांढरा शर्ट. काटकुळे लांब पाय, वाऱ्यावर फडफडणारे कान, एक हात सरळ वर, आणि तोंड आ वासलेलं. हे कान ती बासष्ट वर्षं बघत आली होती.

दुकानदार शब्दकोडं सोडवत बसला होता. "हे कुठून आलं हो?" तिनं विचारलं.

"बाकीच्यांबरोबर आलं."

"कोण आहे माहितीय?"

"नाही बुवा. पण न्याच तुम्ही बाई. दोन वर्षं पडून आहे. असा हाका मारणारा माणूस घरात कुणाला नको असतो."

सुल्मानं चौकट छातीशी धरली आणि भर बाजारात उभी राहून रडली. मोजे घ्यायचे राहूनच गेले.

४

गुरुवारी ती केक घेऊन क्लबात गेली. बाबाला तिनं त्याचा तो एकसष्ट सालचा शर्ट घातला होता, वरून स्वेटर. सातआठ म्हातारे जमले होते. हेबेरनं चौकट हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि खिळ्याकडे बघत राहिला.

"तिथंच लावायची?"

"मग काय संडासात लावतोस?" सुल्मा म्हणाली, आणि सगळे हसले. हेबेरही हसला, पण जरा उशिरा.

चौकट खिळ्यावर चढली तेव्हा खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अबायुबा काठीवर रेलून मान वर करून बघत होता. बराच वेळ बघितल्यावर तो म्हणाला, "तेरोनं मला काढलंच नव्हतं."

"काढलं असेल. छापायचं राहून गेलं असेल."

"हे छापलेलंच आहे की गं, पोरी."

"मग दुसऱ्या कुठल्या पेपरात आलं असेल. तुला काय करायचंय? आवडलं का सांग."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "हात बरोबर काढलाय," तो म्हणाला. "अस्सा धरला होता." त्या दिवशी शर्टाबद्दल कुणी विचारलं नाही. आणि घरी आल्यावर त्यानं तो शर्ट काही काढला नाही. झोपतानाही अंगात, सकाळीही अंगात. सुल्मा म्हणाली, राहू दे, वाढदिवस आहे त्याचा.

५

पुढच्या गुरुवारी बाबाची ग्रापा यायची होती आणि सुल्मा सहज भिंत बघत बसली होती. खाली बेन्तोसच्या उजव्या बुटाजवळ चेंडू होता.

लिंबाएवढा. त्याच शाईतला, तिरप्या रेघा मारलेला, खाली सावलीचा एक फटकारा. तिला आधी डाग वाटला. उठून तिनं काच बोटानं पुसली. डाग असता तर गेला असता.

"हेबेर, या बेन्तोसच्या पायाशी चेंडू होता?"

"असेल की," हेबेर मान वर न करता म्हणाला. तो लिंबू कापत होता.

"मी जन्मापासून ही भिंत बघतेय. कुठंच चेंडू नव्हता."

"आपण चेहरे बघतो, दोन्या सुल्मा. पाय कोण बघतं?"

हे पटण्यासारखं होतं. तरी तिनं फोन काढून वाढदिवसाचा फोटो बघितला. सगळी भिंत छान आली होती. फक्त खालच्या चौकटीवर, नेमकी बेन्तोसच्या पायांवर, फ्लॅशची पांढरी तिरीप पडली होती. सुल्मा स्वतःवरच चिडली. शाळेत इतकी वर्षं दाखल्यांतल्या चुका हुडकून काढणारी बाई, आणि हिला चेंडू दिसला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी तिनं समजूत घातली.

६

शनिवारी केकची थाळी आणायच्या निमित्तानं ती एकटीच गेली. हेबेर मागच्या अंगणात होता. तिनं वाकून बघितलं. बेन्तोसच्या पायाशी कोरा पिवळा कागद होता. चेंडू त्याच्या वरच्या ओळीत उजव्या बॅककडे, सिल्व्हेराच्या पायाखाली होता, आणि सिल्व्हेरा त्याच्यावर पाय ठेवून उभा होता. सिल्व्हेराचे दोन्ही पाय जमिनीवर असायचे. असायचे ना? तिला शपथेवर सांगता आलं नसतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. थाळी तिथंच विसरून ती घरी आली.

घर म्हणजे रस्त्याकडच्या दारापासून आत येणारा एक लांब पॅसेज, त्याच्या कडेला दोन खोल्या, आणि शेवटी स्वयंपाकघर. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर डुलकी घेत होता. उजवा पाय निवांत होता. डावा पाय मात्र हलत होता. टाच टेकायची, चवडा उचलायचा, आतल्या बाजूनं हळूच काहीतरी थोपवायचं, पुन्हा टाच. जमीन कोरडी ठणठणीत, आणि त्याच्या डाव्या सपातेच्या तळाला चिखल होता.

"बाबा, तू बाहेर गेला होतास?"

म्हातारा जागा झाला आणि तिच्याकडे बघून गोड हसला. "मी कुठं जाणार? मी माझ्या जागेवर आहे."

तिनं सपात धुतली. चिखलात गवताच्या दोन काड्या होत्या. त्यांच्या गल्लीत गवत कुठंच नाही.

७

सोमवारी तिनं हेबेरला कोपऱ्यात घेतला. "मला वेडी म्हणालास तरी चालेल. चेंडू हलतोय."

हेबेरनं हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं, आणि वेडी म्हणाला नाही. तेच वाईट झालं. "मी भिंतीकडे बघत नाही, दोन्या सुल्मा," तो म्हणाला. "काचा पुसतो. बघत नाही. माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं किल्ल्या देताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. नळ गळतो, खालून बंद कर. आणि तो खिळा रिकामा ठेव."

"का?"

"मी विचारलं नाही. नळ खरंच गळत होता, म्हणून दुसरंही खरं असेल असं धरून चाललो."

"आणि तू मला अडवलं नाहीस."

"तुम्ही केक घेऊन आला होतात," हेबेर म्हणाला. त्याला रडू येईल असं वाटत होतं. "आपला मायेस्त्रो अबायुबा नव्या शर्टासारखा तो जुना शर्ट घालून आला होता. सात माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांच्यापुढं मी काय म्हणणार होतो, सांगा ना."

सुल्माला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं काही सापडेना. तिच्याही तोंडून तेव्हा नकार निघाला नसता.

८

मग तीन आठवडे ती रोज जायला लागली. चेंडू मधल्या हाफकडे गेला. तिथून एकदम उजव्या टोकाच्या विंगकडे गेला, बाबाच्या चौकटीपासून सगळ्यांत लांब, आणि चार दिवस तिथंच राहिला. त्या चार दिवसांत सुल्मा गाणं गुणगुणत स्वयंपाक करायची. पाचव्या दिवशी तो पुन्हा मागे आला, हाफकडे, आणि हाफकडून वर मधल्या फॉरवर्डकडे. कुणाला घाई नव्हती. चांगला संघ खेळतो तसं ते खेळत होते, जागा होईपर्यंत चेंडू फिरवत.

इकडं बाबाचं जेवण सुटत चाललं होतं. गिसोच्या रश्श्याचे दोन घास घ्यायचा आणि ताट सरकवायचा. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं, आणि म्हणाल्या, या वयाला ठणठणीत आहेत हो, थोडा थकवा. म्हातारा खुर्चीत बसून पॅसेजकडे बघत राहायचा, डाव्या पायानं काहीतरी थोपवायचा, आणि इतका खुशीत असायचा की सुल्माला त्याच्याकडे बघवायचं नाही. तिनं त्याला असं खूश आयुष्यात बघितलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी हेबेरनं शटर उघडताच ती आत शिरली, स्टुलावर चढली आणि बाबाची चौकट खाली काढली. हेबेरनं स्टूल धरून ठेवलं. घरी येऊन तिनं चौकट टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून स्वतःच्या पलंगाखाली सारली, आणि पलंगावर बसून राहिली. खिळा पुन्हा रिकामा झाला होता. तिला वाटलं, सुटलो.

९

"काढलीस ना?" बाबा जेवताना म्हणाला.

"काय काढलं?"

"पोरी, मला काय कळत नाही होय? सकाळपासून मैदान लांब गेलंय." त्यानं चमचा खाली ठेवला. "परत लाव. आता कुठं ते माझ्याकडे बघायला लागले होते."

"बाबा, तू मरशील." हे शब्द तिच्या तोंडून असे सरळ पडले, आणि पडल्यावर तिला लाजही वाटली नाही.

"मग काय मी इथं राहायला आलोय?" तो म्हणाला. "सुल्मा, ऐक. तुझ्या आईच्या मयताला लोकांनी माझं सांत्वन केलं आणि मागं वळून शर्टाचं बोलले. कारखान्यातून निवृत्त झालो, तेव्हाही तेच. मी कसा खेळायचो ते जिवंत माणसांत एकालाही ठाऊक नाही. तुलापण नाही."

"मला ते नकोय. मला तू हवायस."

म्हातारा तिच्या हातावर हात ठेवून बसला, आणि टेबलाखाली त्याचा डावा पाय हलत राहिला.

बुधवारी सकाळी हेबेर स्वतः दारात आला. आत काही येईना. "निएव्हासकडे आहे," तो म्हणाला. "आणि निएव्हासनं मान वळवलीय."

निएव्हासचं चित्र एका अंगानं काढलेलं होतं, नाक उजवीकडे, खिळ्याकडे पाठ. सगळ्या ला तेहाला ते पाठ होतं. त्यावरून विनोदही होते. सुल्मा चपलांवरच धावत गेली. निएव्हास डावीकडे बघत होता. त्याचा पूर्ण चेहरा आजवर कुणी बघितला नव्हता. तो थकलेला होता, आणि रिकाम्या खिळ्याकडे नव्हे, त्याच्याही पलीकडे, खिडकीतून बाहेर, त्यांच्या गल्लीच्या दिशेनं बघत होता.

१०

गुरुवारी ती बाबाला क्लबात घेऊन गेली नाही. दुपारचे तीन वाजले होते. आभाळ गच्च, पण आठ दिवसांत थेंब पडला नव्हता. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर, स्वेटर काढून ठेवलेला, नुसत्या लुसेरोच्या शर्टावर. फोन वाजला.

"दोन्या सुल्मा, चेंडू निएव्हासकडे नाही," हेबेर म्हणाला.

"मग कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. सगळी भिंत बघितली. आज नीट बघितली."

तिनं फोन ठेवला. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला रस्त्याकडचं दार होतं. दुपारची ती कडी लावायची. आताही लावलेली होती. दाराच्या आतल्या अंगाला, फरशीवर, काहीतरी टेकलं. ओल्या कातड्याचा जड आवाज. मग जरा अलीकडे पुन्हा.

सुल्मा पॅसेजच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकवले. समोर अंधारं होतं. मागे खुर्ची कुरकुरली. ज्याला उठवायला दोन हात लागायचे तो माणूस आपला आपण उठला होता.

"सुल्मा, बाजूला हो."

"बस खाली, बाबा."

"बाजूला हो, पोरी. तू मध्ये दिसलीस तर निएव्हास चेंडू पुन्हा मागे घेईल. मग मी कधी खेळू गं?"

"घेऊ दे. घेऊ दे ना मागे. मी काय करू इथं एकटी?"

तो रोजच्या आवाजात, मीठ मागावं तसं म्हणाला, "मोजे तारेवर आहेत, ओले आहेत अजून. दूध उतू जाईल, गॅस बंद कर. आणि बाजूला हो."

आपण सरकलो की आपल्याला सरकवलं गेलं, हे सुल्माला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिची पाठ भिंतीला लागली. घोट्याजवळून काहीतरी गेलं, गार आणि ओलं, आणि पॅसेजभर कापलेल्या गवताचा वास सुटला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं बाबाचे पाय बघितले. डावा पाय पुढं आला, सपातेसकट, आणि हवेतून असा अलगद खाली आला की त्याखाली काही असेल तर ते जागच्या जागी निजलं असतं. "आला," बाबा म्हणाला. मग तो धावला. स्वयंपाकघर चार पावलांचं, त्याच्यापुढं भिंत. आणि पावलं वाजतच राहिली, चिखलातून, लांब लांब जात. सुल्मानं डोळे गच्च मिटून घेतले. दूध उतू जाऊन गॅस विझेपर्यंत ते तिला उघडता आले नाहीत.

११

हृदय थांबलं, असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. शेजारच्या बायका कपडे बदलायला पुढं झाल्या आणि थबकल्या. शर्ट गळ्यापासून काठापर्यंत चिखलानं माखला होता. कोपरांना, पोटाला, पाठीला ओला काळा चिखल, गवत चिकटलेलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, पण विचारलं कुणीच नाही.

सुल्मानं पलंगाखालून चौकट ओढून काढली आणि हेबेरच्या हातात दिली. बघायची तिच्यात ताकद नव्हती. हेबेरनं टेबलक्लॉथ बाजूला केला आणि चौकट उजेडाकडे धरली.

"हात खाली आहे," तो शेवटी म्हणाला. "तोंड मिटलंय."

बायकांपैकी एकीनं टोपलीत शर्ट घेतला होता. हेबेरनं तो तिच्याकडून काढून घेतला, घडी केली आणि सुल्माच्या मांडीवर ठेवला. "दोन्या सुल्मा," तो म्हणाला, "हा धुवायला टाकू नका."

पुढच्या गुरुवारी ती अकराला निघाली. थर्मास काखेत, दुसरा हात रिकामा. दोन गल्ल्यांना सहा मिनिटं लागली असती. तिला दम लागला नव्हता, तरी ती दोनदा थांबली आणि खाडीकडून वारा कसा येतोय ते बघत उभी राहिली.